थोरल्याच्या मापाची सीट

शनिवारी सकाळी सात वाजता मिस्त्रीने बोल्ट काढला, सीट दोन्ही हातांनी धरली आणि पिळली. सीटखालची दांडी हलली नाही. त्याने पाय रोवून पुन्हा जोर लावला, तर अख्खी सायकलच त्याच्याबरोबर फिरली.

"काय झालं, भाऊजी?" दुकानाच्या दाराशी उभ्या असलेल्या वहिनींनी विचारलं.

"धरून बसलीय."

सायकल मिस्त्रीच्या थोरल्या भावाची. थोरला फ्रेम बनवायचा. पोलादी नळ्या कापायच्या, कानशीने तोंडं जुळवायची, पितळ वितळवून सांधे भरायचे. त्याने केलेल्या बाकीच्या फ्रेमी गिऱ्हाइकांबरोबर गेल्या त्या गेल्याच. ही एवढी त्याने स्वतःसाठी केली, आणि त्यानंतर तो फार दिवस जगला नाही. माणूस ताडमाड, सीटही त्याच्याच मापाची. वहिनींचे पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते. सोमवारपासून त्यांना इस्पितळाच्या धुलाईखान्यात पहाटेची पाळी होती आणि त्या वेळेला बस नव्हती. सीट वीतभर खाली आली की काम भागणार होतं.

"दुकानातली दुसरी न्या ना," मिस्त्रीने आदल्या दिवशी सुचवून पाहिलं होतं.

"दुसरी नको," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

त्याने दिवा जवळ ओढला. सीटची दांडी फ्रेमच्या उभ्या नळीत शिरते तिथे मागच्या बाजूला एक खाच असते. ती पांढऱ्या भुकटीने गच्च भरली होती. टाचणीने टोकरली तर भुकटीबरोबर साबणाचा बुळबुळीत थर निघाला. दांडी ॲल्युमिनियमची, नळी पोलादाची. मध्ये पाणी मुरत राहिलं की ॲल्युमिनियम झिजून फुगतं आणि नळीला आतून आवळतं.

"वहिनी, धुता का ही?"

"दर रविवारी. साबण लावून, पाइपने. हे धुवायचे ना, अगदी तश्शीच."

थोरला धुवायचा ते घरी, सगळ्यांदेखत. पण धुतल्यावर तो सायकल इथे आणायचा, दांडी उपसून कोरडी करायचा, ग्रीस चोपडून परत खुणेवर बसवायचा. ते घरच्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"मग कशाने अडकली?"

"वय झालं हो तिचं," मिस्त्री नाक खाजवत म्हणाला.

"भाऊजी, लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. थाप मारायची झाली की तुमचा हात नाकाकडे जातो."

मग त्याने सांगितलं. थोडक्यात, खाली बघत. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं.

"त्यांचं माप बदलायला नको म्हणून मी त्या बोल्टला कधी हात लावला नाही," त्या म्हणाल्या. "धूळ म्हणून बसू दिली नाही तिच्यावर."

त्या स्टुलावर बसल्या. मिस्त्रीने पेडलांचा आस काढला, सायकल उलटी टांगली आणि आसाच्या रिकाम्या भोकातून नळीत तेल सोडलं. वहिनी घरी गेल्या.

दुपारी शेजारचा शिंपी गळ्यात टेप घेऊन डोकावला. "खालीच न्यायचीय ना? मग घाल की वरून हातोडा!"

"आणि नळी फाटली तर तू शिवणार?"

"ज्योत तरी दाखव थोडी."

"तापवलं की ॲल्युमिनियम जास्त फुगतं, आणखी आवळेल. आणि वरच्या जोडात दादाने भरलेलं पितळ आहे. तिथे मी आग नेणार नाही."

शिंप्याने ज्योतीचा हट्ट सोडला. थोरल्याच्या सगळ्या विजारी त्यानेच शिवल्या होत्या, आणि दर वेळी कापड कमी पडलं म्हणून कुरकुर केली होती.

रविवारी दुपारी वहिनी आल्या. मिस्त्रीने सीट उतरवली, दांडीच्या पोकळीत बर्फाचा चुरा ठासला आणि ती आक्रसायची वाट पाहिली. मग फ्रेम उलटी धरून दांडीचं टोक टेबलावरच्या व्हाइसच्या पकडीत आवळलं. आता दांडी पक्की आणि फिरवायची ती फ्रेम. दांडीवरून नळीवर जाणारी खडूची एक सलग रेघ ओढली. शिंप्याने पुढची बाजू धरली, मिस्त्रीने मागची.

"मी थांब म्हटलं की थांबायचं. नळी पातळ आहे, पिळली गेली तर संपलं."

"अरे, कळलं. कापड धरतो तशी धरलीय."

"वहिनी, तुम्ही बाहेर थांबता का?"

"नाही."

दोघांनी हळूहळू भार टाकला. काही होईना. मिस्त्रीच्या कपाळाची शीर उठली. मग फाटकन आवाज झाला, वाळकी फांदी मोडावी तसा, आणि खडूची रेघ तुटून दोन ठिकाणी झाली.

"थांब!"

दांडी फिरली होती, पण तिच्याबरोबर फ्रेमही पिळली गेली का, हे रेघेवरून कळणार नव्हतं. मिस्त्रीने सुतळी काढली. हँडलच्या नळीला अडकवून दोन्ही बाजूंनी मागचं चाक बसतं त्या खोबणींपर्यंत ताणली आणि उभ्या नळीपासून तिचं अंतर पट्टीने मोजलं. एका बाजूचं मोजलं, दुसऱ्या बाजूचं मोजलं, मग पुन्हा पहिल्या बाजूचं.

"सारखं आहे," तो म्हणाला. "फ्रेम शाबूत आहे, वहिनी."

त्यांनी मान हलवली. डोळ्यांना पदर लावला नाही, काही नाही.

खाली न्यायची तरी आधी ती बाहेर काढून साफ करणं भाग होतं. इकडेतिकडे फिरवत, ओढत, दांडी अंगठ्याएवढी बाहेर आली आणि पुन्हा धरली. कितीही जोर लावला तरी पुढे सरकेना. मिस्त्रीने खणातून करवतीचं पातं काढलं.

"आता एकच उरलं. पातं दांडीच्या आत घालून ती उभी चिरायची, मग आतल्या आत मिटवून ओढायची. हात चुकला तर नळीला चरा जाईल. खोल गेला तर नळी तिथूनच तडकेल."

"तुमचा हात चुकतो?"

"एरवी नाही. हिच्यावर चुकेल."

शिंप्याने उगाच टेप गुंडाळली.

वहिनींनी त्याच्या हातातलं पातं घेऊन खणात ठेवलं. "राहू द्या. मी चालत जाईन. किती दिवस लागायचे ते लागोत."

"पहाटे, अंधारात? एवढं लांब?"

"लांब आहे म्हणून लवकर निघेन. तुम्ही घाई करू नका, भाऊजी. एवढंच सांगते."

सोमवारी पहाटे त्या चालत कामावर गेल्या. दुपारी मिस्त्रीने दांडीच्या तोंडाला बूच मारलं आणि सायकल उलटीच ठेवून नळीत पुन्हा तेल ओतलं. ते दांडीजवळच्या खाचेतून पाझरलं, तर आतली वाट मोकळी होते आहे असं समजायचं. संध्याकाळी दुकान बंद करताना त्याने खाचेवर बोट फिरवून पाहिलं. बोट कोरडं होतं.