दोन बोटं समुद्र

मी जिराफ बोलतोय. लाकडाचा, सपाट, आणि रंगाऱ्याने जन्मात जिराफ पाहिलेला नसल्यामुळे गायीच्या पापण्यांचा. अंगावरचे ठिपके होड्या रंगवून उरलेल्या रंगाचे आहेत. पुढचा एक पाय मी सदा आडवा उचलून उभा असतो. त्यावर लिहिलंय, '१२० सें.मी.'

समुद्राच्या काठाने लाकडी फळ्यांचा लांबच लांब रस्ता आहे. त्याला सगळे नुसतं 'फळ्या' म्हणतात. फळ्यांवर खायची दुकानं, पाळणे, नेमबाजी, आरशांची खोली आणि घसा फाटेस्तोवर ओरडणारे आइस्क्रीमवाले. माणसं इथे समुद्र बघायला येतात आणि समुद्राकडे पाठ करून तळलेले बटाटे खातात. मी उभा असतो डोलणाऱ्या जहाजाच्या फाटकाशी. खऱ्या होड्या पन्नास पावलांवर पाण्यात डोलतात, पण तिकडे कोणी रांग लावत नाही.

माझं काम सोपं. मुलाने समोर उभं राहायचं. डोकं खुराला लागलं तर आत, नाही लागलं तर बाहेर. निकाल देतात ब्रेकवाले काका. एकोणीस वर्षं जहाजाचा दांडा ओढतायत, पण थाट असा की जणू न्यायालय चालवतायत. "नियम म्हणजे नियम," म्हणतात आणि बटाट्याचे तेलकट हात माझ्या मानेला पुसतात.

माझं एकच दुःख होतं. जहाजाभोवतीच्या कुंपणाची वरची पट्टी बरोबर माझ्या डोळ्यांसमोर यायची. सगळा जन्म समुद्राच्या उशाला काढला आणि पाहिलं काय, तर गंजलेलं लोखंड.

मग गेल्या वर्षी हंगाम संपल्यावर माझ्या पायाखालची फळी कुजली. सुतारमामांना बोलावलं. त्यांना जुनी फळी उखडायचा कंटाळा आला. "राहू दे की, वरून दुसरी ठोकतो," म्हणाले, ठोकली, आणि मला उचलून वर बसवलं. मी दोन बोटं उंच झालो. डोळे पट्टीच्या वर गेले, आणि समोर समुद्र होता. खरं सांगतो, दोन दिवस मला कोणाचं काही ऐकूच आलं नाही.

मुलं मात्र पुढच्या जुन्या फळीवरच उभी राहत. म्हणजे खूर दोन बोटं वर गेला आणि मुलं होती तिथेच. मला हे पहिल्याच दिवशी कळलं. पण मी लाकूड, बोलणार काय? आणि तोंड असतं तरी मी गप्पच बसलो असतो. समुद्र कोण सोडतो हो!

मग टिकली आली.

टिकली आठ वर्षांची. आदल्या वर्षी ती एका बोटाने कमी पडली होती. भावंडं जहाजात किंचाळत होती आणि ही सगळ्यांच्या चपला, टोप्या नि आत्याची पिशवी धरून उभी. यंदा ती टाचा जुळवून, मान ताठ करून माझ्याखाली आली.

"एक बोट कमी," काका म्हणाले. "पुढच्या वर्षी ये."

"मागच्या वर्षीपण एकच बोट होतं," टिकली म्हणाली. "मग मी वर्षभर काय केलं?"

"दूध मांजराला पाजलंस," तिचा दादा म्हणाला.

ती रडली नाही. बाजूला झाली आणि सवयीने सगळ्यांच्या चपला गोळा करायला लागली. तेव्हा मात्र मला शरम वाटली. त्या हंगामात अशी तीसेक मुलं मी माघारी पाठवली होती, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या डोक्यावरून मजेत लाटा बघितल्या होत्या.

आत्या शिवणकाम करते. लग्नाला गेली तरी पर्समध्ये टेप असते. तिने तिथेच टिकलीला मापलं. एकशे बावीस.

"बाई, तुमची टेप सैल झाली असेल," काका म्हणाले. "हा जिराफ एकोणीस वर्षं इथे आहे."

"माझ्या टेपने मापलेले कपडे अख्खी गल्ली घालते. अजून कोणाचं बटण तुटलेलं नाही." आत्याने खाली बसून फळीपासून माझ्या खुरापर्यंत टेप धरली. एकशे साडेतेवीस.

"जिराफ वाढलाय तुमचा," ती म्हणाली.

काकांनी वाकून बघितलं. माझ्या पायाखाली एकावर एक दोन फळ्या. त्यांचा चेहरा इतका पडला की मला हसूही आलं नाही. त्यांनी टिकलीला जहाजात बसवलं आणि तिच्यापुढचा दांडा स्वतः लावला.

ती उतरली तेव्हा पांढरीफटक पडली होती. दोन पावलं चालली आणि काकांच्या बुटांवर ओकली. मग तोंड माझ्या मानेला पुसून म्हणाली, "परत बसायचंय."

बूट धुऊन काका करवत घेऊन आले. "आत्ताच्या आत्ता दोन बोटं उडवतो याची." मागच्या पायाला करवत लागली. मी शेवटचा म्हणून समुद्र बघून घेतला. गुन्हा माझाच होता, तक्रार कुठल्या तोंडाने करू? मागचा पाय कापून झाला आणि मी कलंडलो.

"काका," टिकली म्हणाली, "त्याचे पाय कशाला कापताय? आम्ही उभे राहतो तिथे पण एक फळी ठोका ना."

काकांनी करवत खाली ठेवली. "नियमात बसतं," म्हणाले. पुढे फळी ठोकली, माझा कापलेला तुकडा खाली परत जोडला. आत्याने पुन्हा माप घेतलं. एकशेवीस.

टिकली दुसऱ्यांदा जहाजात बसली. दादाला दुसऱ्या फेरीची हिंमत नव्हती. चपला त्याने धरल्या.

करवतीने खाल्लं तेवढा मी आता जरा मागे कललोय. पण समुद्र दिसतो, आणि ज्या पोरीची दोन बोटं मी चोरली, तिनेच तो माझ्यासाठी राखला. तुम्ही फळ्यांवर आलात तर मुलांना नव्या फळीवर उभं करा. तेलाचे हात रुमालाला पुसा. आणि बटाटे खाता खाता एकदा मागे वळा. तिकडेही बघण्यासारखं आहे.