पाल्मरचा ट्रक

पाल्मर त्वेटच्या धाकट्या लेकीचं, सिग्नेचं, दुसरं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्न जूनमध्ये होतं. आदल्या दिवशी चर्चमधून खुर्च्या आणताना पाल्मरचा जुना पिकअप चढावर बसला तो बसलाच. खुर्च्या लोकांनी हातोहात नेल्या, लग्न नीट पार पडलं, जावईही या खेपेला बरा निघाला. ट्रकचं मात्र भिजत घोंगडं पडलं.

घोंगडं भिजवलं ते पाल्मरने. त्याच्या बायकोने, अल्विनाने, जुलैतच सांगितलं होतं की नवा नको, जुना घे, पण घे. कारण अडतीस गाई आणि त्यांची वासरं वर डोंगरावरच्या कुरणात होती. बर्फ पडायच्या आत ती ट्रेलरमधून खाली आणायची होती. मोंटानात बर्फ कुणाला विचारून येत नाही. वरचा रस्ता एकदा बंद झाला की गाई वर आणि चारा खाली, मग हात चोळत बसायचं. पूर्वी हीच गुरं घोड्यावरून दोन दिवसांत हाकत आणायचे. आता वाटेत शहरवाल्यांची घरं आणि कुंपणं झाली होती, आणि पाल्मरचा खुबाही घोड्यावर बसू देत नव्हता. राहिला ट्रेलर, आणि तो ओढायला दमदार गाडी हवी.

पाल्मर म्हणायचा, बघू.

रोज सकाळी तो धान्याच्या कोठारावर कॉफी प्यायला जायचा. तिथे सहा म्हातारे बसत. तिघे डिझेलचे, तिघे पेट्रोलचे. पाल्मर सातवा, म्हणून दोन्हीकडचे त्याला ओढायचे, आणि त्याला ते आवडायचं हे अल्विनाला पक्कं ठाऊक होतं. सोमवारी तो डिझेलचा होऊन घरी यायचा. डिझेल चढावर दम सोडत नाही, उतारावर इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक जळत नाहीत. मंगळवारी पेट्रोलचा. डिझेल थंडीत गोठतं, इंजिन गरम राहावं म्हणून गाडी रात्रभर विजेला लावून ठेवावी लागते, आणि आठ मैलांवर कॉफीला नेली तर तिच्या धुराड्यात काजळी साचते. बुधवारी अल्विनाने विचारलं, तुला गाडी गाईंसाठी हवी का कॉफीसाठी? तो म्हणाला, तोच तर प्रश्न आहे. तिने कपाळावर हात मारला.

तोवर गाडी लागली की मागून आणायची. मागायची ती शेजारच्या लेस्टर रुडकडे. त्या भागात गाडीचं भाडं कुणी घेत नाही. तशी गोष्ट काढली तरी माणूस दुखावतो. रीत अशी की गाडी धुऊन, टाकी काठोकाठ भरून परत करायची, आणि सीटवर घरचं काहीतरी ठेवायचं. अल्विना दालचिनीचे रोल ठेवायची. जूनपासून तिने इतके रोल भाजले होते की लेस्टरची बायको एकदा चर्चमध्ये हळूच म्हणाली, "अगं, गाडी न्या, पण रोल पुरेत. लेस्टरला त्याच्या पॅन्ट होत नाहीत आता." अल्विना हसली. घरी येऊन मात्र तिने पीठ मळता मळता पाल्मरच्या सात पिढ्या उद्धारल्या.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रेडिओने सांगितलं, रविवारी बर्फ. पाल्मर शुक्रवारी सकाळी लेस्टरचा नवा डिझेल ट्रक घेऊन आला. त्या दिवशी दोन खेपा झाल्या, वीस गाई वासरांसह खाली आल्या. अठरा उरल्या. ट्रक शनिवारीही लागणार होता, पण दुसऱ्याची गाडी आपल्या अंगणात रिकाम्या टाकीने उभी ठेवू नये, म्हणून संध्याकाळी पाल्मरने ती शेताच्या टाकीशी लावली. चार खांबांवरची ती टाकी त्याच्या बापाने बसवलेली, आणि तिच्यात पहिल्यापासून पेट्रोल. पाल्मरने नळी घातली आणि अल्विनाला सांगू लागला. त्याचं मन आता पक्कं झालं होतं. डिझेलच घ्यायचं. उतारावर दहा गाई मागे असताना त्याने ब्रेकला पायसुद्धा लावला नव्हता. टाकी भरेस्तोवर त्याचं डिझेलपुराण चाललं होतं, आणि अल्विना रोलांचं ताट हातात धरून, चला, एकदाचं ठरलं, म्हणून ऐकत होती. कोणत्या टाकीखाली उभे आहोत हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. पन्नास वर्षं हात ज्या नळीला गेला, त्याच नळीला गेला.

सकाळी ट्रक सुरू झाला, तीन मैल गेला, खोकला, आणि वाटेतच उभा राहिला. पाल्मरने टाकीचं झाकण उघडून वास घेतला. वास पेट्रोलचा होता.

लेस्टरकडे अल्विनाच गेली. तो स्वयंपाकघरात कॉफी पीत होता. तिने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"किती भरलं?" लेस्टरने विचारलं.

"काठोकाठ."

लेस्टरने कप खाली ठेवला. "तुम्ही नेहमीच काठोकाठ भरता," तो म्हणाला. "तेवढं मात्र आहे."

त्याची दुसरी गाडी त्याचीच गुरं घेऊन बाजारात गेली होती, नाहीतर त्याने तीही दिली असती. ते ऐकून अल्विनाला आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती तिथून घरी गेलीच नाही. तिची छोटी मोटार घेऊन थेट चाळीस मैलांवरच्या गावात, जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे. विकणारा तरणा, गुळगुळीत दाढी केलेला. तो विचारू लागला की बाई, वर्षाला मैल किती, ओझं किती, चढ किती, म्हणजे पेट्रोल बरं का डिझेल ते ठरवता येईल.

"बाळा," अल्विना म्हणाली, "हे पुराण मी जूनपासून ऐकतेय. मागे ट्रेलर अडकवायचा गोळा बसवलेला, आज चालू होणारा ट्रक कुठला, तेवढं दाखव."

असा एकच होता. पांढरा, एका गवतवाल्याचा, दाराला पोचा आलेला. पेट्रोलचा. तिने मोटार तिथेच ठेवली आणि ट्रक घेऊन दुपारच्या आत घरी आली. पाल्मर अंगणात उभा होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, इंजिनाचा आवाज ऐकला.

"पेट्रोलचा घेतलास?"

"टाकी पेट्रोलची आहे," ती म्हणाली. "आणि तू तू आहेस. बस."

दोन खेपा झाल्या. चढावर इंजिन बोंबलत होतं आणि पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत खाली येत होता. उतारावर मागे नऊ गाई, त्यांची वासरं, आणि ब्रेकचा जळका वास. अल्विनाने सगळ्यात खालचा गिअर टाकला आणि गोगलगाईसारखी उतरू लागली. दुसऱ्या खेपेला, अर्ध्या उतारावर, पाल्मरने तोंड उघडलं.

"डिझेल असतं ना, तर..."

तिने गाडी कडेला घेतली आणि थांबवली. "उतर. उरलेलं चालत ये."

तो उतरला नाही, पण पुन्हा बोललाही नाही. काचेवर पहिले पांढरे कण पडू लागले तेव्हा ते खालच्या फाटकात होते. अडतीस गाई मोजून कुंपणात गेल्या. रविवारी सकाळी वरचा रस्ता बंद झाला.

लेस्टरच्या ट्रकची दुरुस्ती पाल्मरने करून दिली. लेस्टरने रीतीप्रमाणे एकदा नको म्हटलं. कुणाचं देणं राहिलं नाही, राहिली ती अल्विनाची लाज, आणि ती हिवाळाभर पुरली. सोमवारी पाल्मर पांढरा ट्रक घेऊन कोठारावर गेला आणि पेट्रोलवाल्यांत जाऊन बसला. आपण आधीपासून हेच म्हणत होतो, असं त्याने तिथे सांगितलं. ते अल्विनाच्या कानावर आलं तेव्हा ती धुण्याचे चिमटे लावत होती. तिने दोन चिमटे मोडले.

त्यानंतरही तो तिला अधूनमधून विचारत राहिला की, हा विकून डिझेल घ्यायचं का. ती म्हणायची, बघू.

पाल्मर त्वेट त्यानंतरच्या चौथ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, सकाळी न्याहारीनंतर, घरीच वारला. त्या वेळी तो एकोणऐंशी वर्षांचा होता. पांढरा ट्रक तोवर विकला नव्हता.