लेहतोवाराचा जळका सौना

तौनो केम्पाइनेन पाळक म्हणून जितका मवाळ, तितकाच सौन्याच्या, म्हणजे लाकडं पेटवून तापवायच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, बाबतीत हट्टी माणूस. देवाची दया अपार आहे असं तो दर रविवारी सांगायचा, पण सौना कोमट ठेवणाऱ्याला त्याच्याकडे दयामाया नव्हती. पंचवीस वर्षं त्यानं उत्तरेकडच्या काइनू प्रांतातल्या खेड्यापाड्यांतून लग्नं लावली, पोरांना बाप्तिस्मे दिले, माणसं पुरली. आणि गेली चार वर्षं तो पलटणीचा पाळक होता. अंगावर लष्करी गणवेश, कॉलरवर क्रूस, बंदूक नाही. सक्तीच्या लष्करी नोकरीला आलेली एकोणीस-वीस वर्षांची पोरं त्याच्या खोलीत येऊन बसायची. कुणाची मैत्रीण सोडून गेलेली, कुणाला घरच्या कुत्र्याची आठवण येऊन झोप नाही. तौनो कॉफी ओतायचा आणि दुसरा कप संपेपर्यंत एक अक्षर बोलायचा नाही. आमच्याकडे यालाच समुपदेशन म्हणतात, आणि ते बऱ्यापैकी चालतं.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी, वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक हाणून तो खोलीत येतो न येतो तोच दारात एक आडदांड पोरगा उभा.

"शिपाई मोइलानेन, पाळकसाहेब. मला रविवारच्या आत दृढीकरण करून हवंय."

"अरे बाबा, हे काय केस कापणं आहे? बस. कॉफी घे."

पोरगा बसला, पण दुसऱ्या कपाची वाट त्यानं पाहिली नाही. त्याच्या बहिणीला, रीक्काला, मुलगी झाली होती. रविवारी बाप्तिस्मा. बाळाचा बाप स्वीडनला कामाला म्हणून गेला तो गेलाच. रीक्काला जवळचं असं माणूस एकच, हा भाऊ. त्यालाच तिनं धर्मपिता नेमलेलं. आणि दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्याचं वचन मोठेपणी स्वतःच्या तोंडानं पक्कं करणं, झालेलं नसेल तर धर्मपिता होता येत नाही, हा चर्चचा नियम.

"मग पंधराव्या वर्षी दृढीकरणाच्या शिबिराला गेला नव्हतास? सगळी पोरं जातात."

"गेलो होतो. सहा दिवस."

"आणि सातव्या दिवशी काय झालं?"

"घरी पाठवलं. तिथला, लेहतोवाराचा सौना जळाला, म्हणून."

तौनोच्या हातातली किटली तशीच राहिली. काइनूत मोइलानेन पैशाला पासरी. आडनावावरून त्याला काही कळलं नव्हतं. आता त्या दाढीच्या खुंटांमागे त्याला पंधरा वर्षांचं काडीपैलवान पोर दिसलं. पोरगं मात्र कपात बघत होतं. त्यानं ओळखलंय की नाही, देव जाणे.

"बघतो," तौनो कसाबसा म्हणाला. "सहा दिवस झालेत म्हणजे एकच धडा राहिलाय. लेहतोवाराहून कागद मागवतो."

आता जे तौनोला ठाऊक होतं ते तुम्हालाही सांगून टाकतो, उगीच कशाला ताणायचं? त्या शिबिरात पाळक तौनोच होता. त्या संध्याकाळी सौना तापवायची पाळी या पोराची होती, आणि पोरानं सांगितलं तेवढंच सरपण घातलं होतं. नंतर तौनो हळूच आत डोकावला, वाफेचा वास घेतला, "छे, यात काय मजा!" म्हणाला आणि भट्टीत बर्चचे ओंडके ठासून भजन म्हणवायला निघून गेला. तिसऱ्या भजनाला सौना पेटला. कुणाला इजा झाली नाही, पण सरोवराच्या काठी फक्त धुराडं उरलं. दुसऱ्या दिवशी मंडळीच्या सभेत विचारणा झाली, "पाळी कुणाची होती?" तौनो म्हणाला, "मोइलानेनची." शब्दन् शब्द खरा. तेच तर त्याला पाच वर्षं खात होतं. सरळ खोटं बोलला असता तर निदान खोटं बोललो असं म्हणता तरी आलं असतं. वर्षभरात तो पलटणीत आला. लोकांना वाटलं, काय हे देशप्रेम! खरं कारण एवढंच, की नव्या सौन्याच्या उद्घाटनाला लाकडं घालायचा मान त्याला देणार होते.

शुक्रवारी लेहतोवाराहून कागद आला. 'वेइक्का मोइलानेन. बेशिस्त वर्तनामुळे शिबिरातून परत.' अक्षर तौनोचंच, वळणदार, सुरेख. तो कागद खिशात कोंबून तो पोरांच्या कॅन्टीनमध्ये गेला. तिथं केर्तूमावशी गोड वडे तळत होती. मावशी सगळ्या छावणीची. कमांडरलासुद्धा ती "आधी पाय पूस" म्हणायची. तौनोनं तिला सगळं सांगितलं. मावशीनं झारा खाली ठेवला.

"एरवी एवढं बोलता, आणि पाच वर्षांत हे एक वाक्य तोंडातून निघालं नाही?"

"बोलणार आहे ना. उद्या विधी उरकला, की त्याला बाजूला घेऊन सांगतो."

"बाजूला घेऊन? वा! बदनामी चारचौघांत आणि माफी कोपऱ्यात?"

"अगं, आधी सांगितलं आणि तो भडकून उठून गेला तर? परवा त्या बाळाला धर्मपिता राहणार नाही. माझ्यापायी त्या पोरीचं—"

"तुम्ही त्या बाळाच्या दुपट्याखाली लपू नका," मावशी म्हणाली. "भडकायचा हक्क आहे त्याला. तो तरी द्या."

तौनोनं वडा घेतला नाही. मावशीच्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत वडा नाकारणारा हा पहिलाच.

शनिवारी पलटण युद्धसरावासाठी जंगलात होती, म्हणून विधीही तिथंच. दोन तासांची सुट्टी मिळाली. लष्करी ट्रकच्या मागच्या फळीवर पांढरं कापड, त्यावर क्रूस आणि मेणबत्ती. चाळीस पोरं ओल्या शेवाळावर बसलेली, तोंडाला हिरवा-काळा रंग फासलेला. अशी भुतासारखी मंडळी तौनोला आयुष्यात मिळाली नव्हती. मावशी वड्यांची गाडी घेऊन आली होती, तिच्याशेजारी रीक्का बाळाला घेऊन उभी. मावशी बाळाचं नाव काढून घ्यायला टपलेली. "माझ्या कानात सांग, मी कुणाला नाही बोलत." "उद्या बाप्तिस्म्याला कळेल, मावशी," रीक्का हसून म्हणाली. बाप्तिस्म्याआधी नाव कुणी सांगत नाही, हे मावशीला काय माहीत नव्हतं? पण खोड.

पहिलं भजन झालं. मग पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली. सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना तौनोच्या हातात होती. त्यानं ती मिटून खिशात घातली.

"आज आधी मी एकटा म्हणतो," तो म्हणाला. "पाच वर्षांपूर्वी लेहतोवाराचा सौना जळाला. तो मी जाळला. पोरानं भट्टी बरोबर लावली होती, मी वरून ओंडके ठासले. आणि सभेत विचारलं तेव्हा मी त्याचं नाव पुढे केलं. मला लाज वाटते. मी भित्रा होतो."

मग मागच्या रांगेतून दबका आवाज आला, "किती ओंडके, पाळकसाहेब?"

"सात."

"सात!" सार्जंट कळवळला. "अहो, तेवढ्यात माझी अख्खी तुकडी न्हाली असती!"

हशा पिकला. बाळ दचकून रडायला लागलं.

"आठ," वेइक्का म्हणाला. "मी बाहेरून मोजले."

हशा जागच्या जागी थांबला.

"तुला माहीत होतं?" तौनोनं विचारलं. "मग बोलला का नाहीस?"

"कुणाला सांगणार होतो? बाप माझा पिऊन ट्रॅक्टर सरोवरात घालणारा. गावात काचेचा ग्लास फुटला तरी मोइलानेनचं नाव. पण त्याचं काही नाही वाटायचं, सवय होती." पोराचा आवाज आता हलायला लागला. "तुम्ही सहा दिवस मला वेइक्का म्हणत होतात. सगळ्यांत तुम्ही एकटे. आणि सभेत मोइलानेन म्हणालात."

तौनो मटकन गुडघ्यांवर बसला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

शेवटी मावशीच खेकसली, "आता पुढे काय आहे विधीत? वडे गार होतायत."

"पापक्षमा," तौनो म्हणाला. "ती पाळक देतो. पण पाळकाला स्वतःची स्वतःला देता येत नाही. बाप्तिस्मा झालेलं कुणीही देऊ शकतं." तो वर बघायला धजला नाही. "आणि नाही दिली तरी, पोरा, तुझं दृढीकरण मी करणारच. ते याच्यावर अवलंबून नाही. दुसरा पाळक हवा असेल तर संध्याकाळपर्यंत आणतो, पाय धरून आणतो."

वेइक्का उठला. चाळीस पोरांना वाटलं, निघाला हा. रीक्कानं बाळाला घट्ट धरलं. तो ट्रकपर्यंत आला, थांबला, आणि त्यानं आपला बंदुकीच्या तेलानं माखलेला पंजा पाळकाच्या टकलावर ठेवला.

"झाली क्षमा," तो म्हणाला.

"एवढंच?" मावशी.

"मावशी, मी काइनूचा आहे. आम्ही एवढंच बोलतो."

यावेळी हसताना तौनोही हसला, रडता रडता. सार्जंटनं आणि वेइक्कानं दोन्ही बगलांत हात घालून त्याला उभं केलं, कारण साठीच्या जवळचे गुडघे शेवाळातून असे सहजी सुटत नाहीत. खिशातला लेहतोवाराचा कागद त्यानं सगळ्यांदेखत काढला, स्वतःचं ते सुरेख वाक्य खोडलं आणि खरं काय ते खाली लिहून सही केली. मग वेइक्का गुडघे टेकून बसला. तौनोनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आवाज त्यानं कमावून मऊ केला.

"वेइक्का—"

"पाळकसाहेब," पोरगा खालूनच पुटपुटला, "पूर्ण नाव घ्या. पार मावशीच्या गाडीपर्यंत ऐकू जाईल असं. माझ्या भाचीचं नाव उद्या कळेल, पण आडनाव आत्ताच ठरलेलं आहे. माझंच आहे."

तौनोनं छाती भरून श्वास घेतला.

"वेइक्का मोइलानेन!" तो गरजला, आणि झाडांवरचे पक्षी उडाले.