अलाउन्स दिलेलं बदक

मंगळवार पेठेत बाळासो मिस्त्रींच्या परड्यात पत्र्याची एक खोली हाय. मिस्त्री तिला ‘शॉप’ म्हणतात, त्यांची बायको बनाबाई ‘उकिरडा’ म्हणते. दोघांचंबी बरोबर हाय.

मिस्त्रींचा जन्म फौंड्रीत गेला, पण भट्टीपाशी न्हाय. ते पॅटर्नवाले. म्हणजे लोखंडाचा पंप करायचा असला की आधी लाकडाचा पंप कोरायचा, वाळूत दाबून त्याचा साचा घ्यायचा आणि मग साच्यात रस ओतायचा. लोखंड गार झालं की आटतं. म्हणून लाकडाचा माल कायम जरा थोरला कोरायचा. ह्या ‘जरा’ला म्हणायचं अलाउन्स. हा अलाउन्स मिस्त्रींच्या हाडात इतका मुरला हुता की बनाबाईला चप्पल आणली तरी एक नंबर मोठी. ती बिचारी सगळ्या लग्नांत पाय घासत फिरली.

मग फौंड्रीत कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आलं. फौंड्री बनाबाईच्या धाकट्या भावाची, विजयसिंहाची. विजयसिंहाचा आवाज असा, की त्यानं पेठेत फोन उचलला तर पलीकडच्या माणसाला फोनची गरज पडत न्हाय.

“दाजी, आता तुमी आराम करा!” त्यानं भर फौंड्रीत सगळ्यांदेखत सांगितलं.

कोल्हापुरात माणसाला शिवी दिलेली चालती, आराम कर म्हणलेलं चालत न्हाय. त्यात विजयसिंहानं हापिसात काचेचं कपाट करून घेतलं आणि म्हणला, “दाजी, तुमची हत्याराची पेटी द्या की. आत लायटी सोडतो. खाली पाटी, ‘पूर्वीच्या काळी असं काम चालायचं’.”

“आरं, पूर्वीच्या काळी काय? मी अजून जित्ता हाय की रं!”

“म्हणून तर इचारतोय. नंतर कुणाला इचारू?”

मिस्त्रींनी दोन वर्सं पेटी दिली न्हाय. पण पेटीला कामबी न्हवतं. पाट, पोळपाट, शेजारच्या आक्काच्या खाटंचा पाय, असलं कायतरी करायचं आणि आपणच आपल्या हाताकडं बघत बसायचं.

अशात उन्मेष सर आले. सर कॉलेजात शिकवतात आणि रविवारी दुर्बीण गळ्यात घालून पाखरं बघतात. गडमुडशिंगीच्या वाटंला एक तळं हाय. गेल्या साली त्यातला गाळ काढला, गवत काढलं, सगळं चकाचक केलं. तेव्हापासनं बदकं वरनं घिरट्या घालतात आणि निघून जातात.

“खाली आपलं कोणी दिसत नाही, म्हणून घाबरतात,” सर म्हणाले. “बाहेरच्या देशांत लाकडाची बदकं कोरून पाण्यात सोडतात. ती बघून खरी उतरतात. तुम्ही कराल का?”

“बदक काय घेऊन बसलाय! मोर करतो. नाचंलबी.”

“मोर नको, मिस्त्री. हळदीकुंकू बदक.”

सरांनी फोटो दावला. तपकिरी अंग, काळी चोच, चोचीच्या टोकाला हळद, कपाळापाशी कुंकू. मिस्त्रींच्या अंगावर काटाच आला. पॅटर्नला मारायचा उरलेला रंग शॉपमधी पडून हुता आणि त्यात तीनच डबं हुतं, लाल, पिवळा, काळा. लाल-काळा कालवला की तपकिरी. बदकानं जणू फौंड्रीतनंच रंग उचललाता.

ही बातमी विजयसिंहाला कळली. तो दारातनंच गरजला. “दाजी, लाकूड बघून खरं बदक उतरंल? बदक म्हंजे काय आपलं पावणं हाय व्हय, वाटी दावली की बसलं पंगतीला?”

“उतरंल.”

“न्हाय उतरलं तर?”

“तर पेटी तुझी. लाव लायटी.” मिस्त्री बोलून गेलं आणि बनाबाईनं कपाळाला हात लावला. “आणि उतरलं तर सगळ्यांसमोर म्हणायचं, दाजींच्या हातासारखा हात न्हाय.”

“दहादा म्हणतो!”

काम सुरू झालं. शिवणीचं हलकं लाकूड आणलं. सरांनी दिलेल्या मापावर मिस्त्रींनी पहिलं बदक असं कोरलं, की पटाशीनं काढलेल्या पिसावर फुंकर मारावीशी वाटावी. बनाबाईनं रंगवलं. मग दोघांनी ते मोठ्या थाटात परड्यातल्या हौदात सोडलं. बदकानं लगेच शीर्षासन केलं. पोट वर, डोस्कं पाण्यात.

“आवं, ह्ये काय शोधतंय खाली?” बनाबाईनं इचारलं.

मिस्त्रींनी पोटाखाली लोखंडाचा तुकडा ठोकला. बदक सरळ झालं, सरळच्या सरळ तळाला गेलं. बनाबाईनं हौद उपसला आणि तोंडानं मिस्त्रींचा उद्धार चालू ठेवला. तिसऱ्या खेपंला बारका तुकडा लावला, तेव्हा कुठं ते ऐटीत तरंगलं. त्याच दुपारी शेजारच्या मांजरानं भिंतीवरनं त्याच्यावर उडी टाकली आणि मान धरून दात लावलं. मांजर केकाटत पळालं. आक्का भांडायला आल्या, तर मिस्त्री त्यांनाच पेढा द्याय लागलं. “आक्का, तुमचं मांजर फसलं! पहिलं सर्टिफिकेट मिळालं बघा!”

पहिलं बदक जमलं, आता सरांचा मापाचा कागद कोण बघतंय? मग दुसरं कोरताना माप कुठलं? मिस्त्रींनी पहिल्याला कॅलिपर, म्हणजे मापाचा चिमटा, लावून त्याचंच माप घेतलं आणि हातानं सवयीपरमाणं अलाउन्स दिला. लाकडाचं बदक आटणार कुठं, हे डोक्याला ठावं हुतं. पण डोक्याला इचारतंय कोण? तिसऱ्याला दुसऱ्याचं माप, वर अलाउन्स. चौथ्याला तिसऱ्याचं. शिवाय घासाय-पॉलिशला म्हणून थोडं आणखी. पॅटर्न वाळूतनं सुटायला दोन फाकीत करतात, म्हणून बदकंबी दोन फाकीत, मधी लाकडी खुट्ट्या.

“आवं, ह्याला रंग जास्त लागतोय,” बनाबाई म्हणायची.

“तू ब्रश दाबतीस.”

पुढच्या बदकाला: “आवं, ह्ये मांडीवर मावंना.”

“तू बसतीस वाकडी.”

रविवारी उजाडताना सहा बदकं टेम्पोत वळीनं मांडली, तेव्हा खरं उघडं पडलं. पहिलं बदकाएवढं. शेवटचं मेंढीच्या कोकराएवढं. मधली चढत्या भाजणीनं. मिस्त्री बघतच राह्यलं. बनाबाई पदर तोंडाला लावून टेम्पोच्या आडोशाला गेली आणि बराच वेळ आली न्हाय.

“आता?” ती डोळं पुसत म्हणली.

“आता काय?” मिस्त्रींनी ड्रायव्हरला हाक मारली. “टेम्पो काढा.”

तळ्यावर माणसं जमलीती. दूध घालून परत निघालेला आकाराम किटल्या घेऊन तिथंच बसलाता. विजयसिंह पांढऱ्या गाडीतनं उतरला आणि बदकांकडं बघून एवढ्या जोरात हसला की झाडावरचं बगळं उडालं. “दाजी! बदकं हायत का शाळेचा फोटो? आणि ह्यो शेवटचा हेडमास्तर व्हय?”

“उन्मेष सर, सोडा पाण्यात,” मिस्त्री म्हणलं. मान ताठ, पण कान लाल झालेलं.

दोरीला दगड बांधून बदकं पाण्यात सोडली. जरा वेळानं तीन नंबरच्या बदकाच्या खुट्ट्या पाणी पिऊन फुगल्या आणि कट्टदिशी दोन्ही फाकी सुटल्या. एक डोळा अलीकडं निघाला, एक पलीकडं.

“दाजी, तुमच्या बदकाची वाटणी झाली!”

“मिस्त्री,” आकारामनं ओरडून इचारलं, “त्यात काय आत बसायची सोय केलीया का?”

माणसं हसून लोळाय लागली. उन्मेष सर मात्र वर बघत हुतं. “शू! आली.”

लांबनं बदकांचा थवा आला. तळ्यावर एक घिरटी घातली. दुसरी घातली, जरा खाली. मिस्त्रींनी श्वास धरला. बनाबाईनं मिस्त्रींचा दंड धरला. तेवढ्यात विजयसिंह शिंकला. त्याची शिंक म्हणजे ट्रॅक्टर चालू केल्यावाणी. थवा वळला आणि उसाच्या फडावरनं पार दिसेनासा झाला.

आकारामनं किटल्या आवराय घेतल्या.

“आता बास, दाजी,” विजयसिंह जरा नरमून म्हणला. “पेटी जपून ठेवतो. चांगल्या लायटी लावतो.”

मिस्त्री टेम्पोपाशी गेलं. पैजेची म्हणून आणलेली पेटी उघडली. थोरल्या पटाशीची मूठ त्यांच्याच तळव्याच्या आकाराची झिजलीती. दुसऱ्या कुणाच्या हातात ती बसलीच नसती. त्यांनी ती धोतराच्या सोग्यानं पुसली, परत ठेवली, झाकण लावलं आणि पेटी उचलली.

“आवं,” बनाबाई दबक्या आवाजात म्हणली, “खाली ठेवा ती. वर बघा.”

थवा परत आलता. ह्या खेपंला घिरटी न्हाय, बिरटी न्हाय. पंख आवळून बदकं सरळ खाली आली. पहिल्या, माप बरोबर असलेल्या बदकाकडं ढुंकून बघितलं न्हाय. दुसरं, चौथं, पाचवं, सगळी सोडली आणि हेडमास्तरच्या बाजूला पाणी उडवत बसली. एक जोडी तर थेट त्याच्या शेपटीमागं लागली, आईच्या मागं पिल्लं लागल्यागत.

“मिस्त्री,” उन्मेष सर कुजबुजले, “मोठं आहे ना, वरून तेच लांबपर्यंत दिसलं असणार!”

मिस्त्रींची छाती तिथल्या तिथं दोन नंबर वाढली. “मग! अलाउन्स काय उगच दिला व्हय? मुद्दाम दिला!”

बनाबाईनं त्यांच्याकडं बघितलं, मग खाली आपल्या पायांकडं. चाळीस वर्सांत पहिल्यांदा तिला तिच्या चपला बरोबर बसल्यासारख्या वाटल्या.

“हं, इजय,” मिस्त्री म्हणलं, “म्हण आता.”

विजयसिंहानं छाती फुगवली, तोंड उघडलं आणि सर त्याच्यावर झेपावले. “ओरडू नका! उडतील!”

झाली का पंचाईत? बोलायचं तर सगळ्यांसमोर, आणि आवाज काढायचा न्हाय. मग ज्याचं कुजबुजणं आजवर कुणी ऐकलं न्हवतं त्यो माणूस, पायातलं बूट हातात घेऊन, चिखलातनं एकेकापाशी गेला आणि कानाला तोंड लावून म्हणला, “दाजींच्या हातासारखा हात न्हाय.” सरांच्या कानात म्हणला. ड्रायव्हरच्या कानात म्हणला. आकारामला कमी ऐकू येतंय, त्याला तीनदा सांगावं लागलं. शेवटी बहिणीपाशी आला.

“मला म्हाईत हाय,” बनाबाई म्हणली. “पण सांग. ऐकाय बरं वाटतंय.”

पेटी टेम्पोतनं परत शॉपमधी आली. काचेचं कपाट रिकामंच राह्यलं, म्हणून आठ दिवसांनी विजयसिंह स्वतः आला, शक्य तेवढ्या हळू म्हणला, “दाजी, एक बदक द्या की हापिसाला. पाटीवर तुमचं नाव घालतो. ‘पूर्वीच्या काळी’ न्हाय घालत.”

मिस्त्रींनी सातवं बदक घेतलं. माप अर्थातच सहाव्याचं, वर अलाउन्स, वर मेव्हणा म्हणून थोडं आणखी. काम असं झालं की सगळी पेठ बघून गेली, खुद्द उन्मेष सरांनी त्याला हात लावायच्या आधी लांबनं अदमास घेतला. फक्त हापिसाला न्यायच्या दिवशी त्ये शॉपच्या दारातनं भायेर निघंना. आडवं करून बघितलं, उभं करून बघितलं. मांजर भिंतीवर बसून बघत हुतं, पण ह्या खेपंला उडी टाकायची त्याची छाती झाली न्हाय.

“दार कुणी केलंतं ह्ये?” विजयसिंहानं घाम पुसत इचारलं.

“मीच,” मिस्त्री म्हणलं आणि चौकट उचकटायला थोरली पटाशी काढली. “तरणा हुतो. अलाउन्स द्यायची अक्कल न्हवती.”