देवाजीने लावलेला पोळ्याचा रंग

मी एक जुनी जीप आहे. जुनी म्हणजे नेमकी किती, ते विचारू नका मित्रांनो. माझी जन्मसालाची पाटी झुडपांना घासून घासून कधीच गळून पडली. तरुणपणी मी आलापल्लीच्या जंगलात ठेकेदाराची माणसे आणि करवती वाहिल्या. पुढे मला देवाजीने घेतले. त्याची बैलजोडी म्हातारी होऊन गेली होती. नवी जोडी न घेता त्याने मलाच दावणीशी उभे केले. मी मार्कंड्याच्या जत्रेला माणसे नेली, बाजाराला धान नेले. "देवाजीची गाडी नाला पाहून थांबत नाई," असे लोक म्हणत. मला स्तुती आवडते, खोटे कशाला बोलू?

पण शहाऐंशी साली माझे पेट्रोलचे इंजिन थकले. महिनाभर मी अंगणात पडून होते. कोंबड्यांनी माझ्या सीटवर अंडी घातली. कोणी माझ्याकडे ढुंकून पाहत नव्हते.

त्या महिन्यात सर्वांत जास्त कोणाचे अडले असेल, तर नर्स सत्यशीलाबाईंचे. पेरमिलीच्या पुढच्या एका टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, त्या माझ्यातूनच पोलिओचा डोस नेत. मी बंद पडले आणि डोस हुकला. टोल्यावरची बायनाबाई लहान मुलीला घेऊन दिवसभर वाट पाहून परत गेली. तिच्या मोठ्या मुलाचा पाय पोलिओने वाळला होता, म्हणून धाकटीसाठी तिचा जीव टांगणीला लागलेला. सत्यशीलाबाईंनी निरोप धाडला, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नक्की येतो." याही वेळी डोस चुकला असता, तर टोल्यावरच्या बायांनी पुन्हा कशाला वाट पाहिली असती?

देवाजीने चंद्रपूरहून डिझेलचे इंजिन आणले. पत्रू मिस्त्रीने जुने काढले आणि माझा सांगाडा उघडा पडला. पोळा दोन दिवसांवर होता. घरात बैल नव्हते. देवाजीच्या हाताला चैन पडेना. आमच्याकडे पोळ्याला बैलांची शिंगे रंगवतात, तसा त्याने लाल वार्निशचा डबा आणला आणि माझे हाड न हाड रंगवले. मीही सुखावले. नवे इंजिन बसले, पोळ्याला मला झूल आणि पुरणपोळीचा नैवेद्यही मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यशीलाबाई बर्फाचा डबा घेऊन आल्या. डब्यात डोस होता आणि बर्फ दुपारपर्यंत टिकणार होता. देवाजीने किल्ली फिरवली.

कट्. एवढाच आवाज.

दिवे लख्ख लागत होते, हॉर्न वाजत होता, पण इंजिन हलेना. पत्रू म्हणाला, "बॅटरी बसली असन." ट्रकची बॅटरी आणून लावली. कट्. मग त्याने इंजिन फिरवणारी मोटार, म्हणजे सेल्फ, खाली काढला आणि बॅटरीच्या दोन्ही तारा त्याला थेट लावल्या. तो गरगर फिरला. परत बसवला, तर पुन्हा कट्. ढकलून पाहिले, पण डिझेल इंजिनाचा दाब भारी आणि अंगणात चिखल. चाके नुसती घसरत राहिली.

देवाजीने नारळ फोडला. "काही चुकलं का वं माय आमचं?" तो मला म्हणाला. मित्रांनो, मला तोंड असते तर मी सांगितले असते. मला मनापासून लाज वाटत होती.

दहा वाजून गेले. सत्यशीलाबाई सारख्या डब्याला हात लावून पाहत. शेवटी त्याच स्टिअरिंगपुढे बसल्या. "तुमी दोघं पुढून पाहा, किल्ली मी फिरवतो." त्यांनी चारपाचदा किल्ली फिरवली. तिथूनच खाली इंजिनाकडे जाणाऱ्या, वेग वाढवायच्या तारेला त्यांचा हात लागला आणि त्यांनी तो एकदम मागे घेतला.

"अवो देवाजीभाऊ, हे रेसची तार चटके देऊन राह्यली!"

पत्रू हसला. "बाई, रेसच्या तारेत करंट नसते."

"मंग माहा हात काऊन भाजला?"

पत्रूने तारेला बोट लावले आणि त्याचे हसू मावळले. करंटला परतीची वाट हवी असते. नवे इंजिन रबरावर बसलेले होते. त्याला सांगाड्याशी जोडणारी तांब्याची पट्टी करंटला परत बॅटरीकडे नेते. ती वाट बंद, म्हणून तो बिचाऱ्या रेसच्या बारीक तारेतून निघाला होता आणि ती तापली होती. पत्रू माझ्या खाली शिरला. पट्टी घट्ट आवळलेली होती, पण खाली लाल वार्निशचा जाड थर. रंगातून करंट जात नाही.

"देवाजीभाऊ, कोणती जागा रंगवाची राह्यली?"

"पोळा होता ना गा," देवाजी पुटपुटला. त्यानेच तेवढी जागा खरवडली, पार चकचकीत होईपर्यंत. बोल्ट आवळला. किल्ली फिरली आणि मी असा काळा धूर सोडला की कोंबड्या छपरावर चढल्या!

टोल्यावर पोचलो तेव्हा डब्यात बर्फाचे दोन खडे उरले होते. मोहाच्या झाडाखाली बाया बसून होत्या. बायनाबाई सर्वांत पुढे. "बाई, तुमी आले!" एवढेच ती बोलली. तिच्या मुलीने तोंड वाकडे करत थेंब गिळले. वाळक्या पायाचा भाऊ शेजारी काठीला टेकून पाहत होता.

मित्रांनो, आम्हा यंत्रांवर माया करा, रंगही लावा, पण आमचे काम कशाने चालते, तेही समजून घ्या. नुसत्या मायेने मी त्या दिवशी अंगणातच राहिले असते. आता ती मुलगी चार वर्षांची आहे. मी टोल्यावरून निघाले, की नाल्यापर्यंत ती माझ्यामागे धावत येते.