मुंगीचा अडकलेला सुळा

महिन्यातला दुसरा शनिवार माझा. तो मला कोर्टाने दिलेला नाही, दातांच्या डॉक्टरबाईंनी दिलेला. आमची कोर्टकचेरी झालीच नाही. बायकोला दुसऱ्या गावी नोकरी लागली, ती पोरीला घेऊन निघाली आणि मी 'जा' म्हणालो. रागात म्हणालो होतो. तिने ते शब्दशः घेतलं. दोन वर्षं झाली, आमचं बोलणं नाही. निरोप असला तर पोरच नेते-आणते.

पोरीला मी मुंगी म्हणतो. तेरा वर्षांची आहे. तिच्या दातांच्या तारांची सुरुवात इथल्या दवाखान्यात झाली होती, म्हणून महिन्यातून एकदा तार आवळून घ्यायला ती चार तास बसने एकटी यायची. दहाला स्टँडवर उतरायची, अकराला दवाखाना, मग दात दुखतात म्हणून केळं नाहीतर आइसक्रीम, आणि चारला परतीची बस. सहा तास, बस्स. उरलेले दिवस मी लिफ्टशी बोलतो. लिफ्ट दुरुस्त करणं हे माझं काम. शाफ्टमध्ये आपण एकटेच असतो, कितीही शिव्या घाला, कुणी मनाला लावून घेत नाही. घरी आलो की रेडिओला शिव्या घालतो. रेडिओ तरी उलटून काहीतरी बोलतो.

मुंगीचा वरचा डावा दुधाचा सुळा काही पडेना. उजवीकडचा पडून त्याजागी नवा आलासुद्धा, आणि हा आपला ठाण मांडून बसलेला. शेवटी डॉक्टरबाईंनी एक्स-रे काढला, मुंगीला बाहेर बसवलं आणि मला आत बोलावलं. पडद्यावर, सुळ्याच्या वर, हाडात वाटाण्याएवढा पांढरा पुंजका दिसत होता.

"ही गाठ आहे," त्या म्हणाल्या.

"कॅन्सर?" मी विचारलं.

"अहो, घाबरू नका. साधी आहे, कॅन्सरबिन्सर काही नाही. शरीर दात करायला बसलं आणि एका जागी नुसत्या दातांच्या कण्या करून ठेवल्या त्याने. पण बसलीये नेमकी वाटेत. खरा सुळा तिच्यावर अडकलाय. गाठ काढायची, सुळ्याला बारीक साखळी चिकटवायची आणि हळूहळू खाली ओढून आणायचा."

"मग काढा की."

"माझ्याकडे नाही होत ते. ऑपरेशनला मोठं हॉस्पिटल लागतं, आणि नंतर दर पंधरा दिवसांनी साखळी बघावी लागते. तिच्या गावच्या हॉस्पिटलमध्ये सर्जन आहेत, तारांचे डॉक्टर आहेत. सगळंच तिकडे हलवू. पोरीचे हेलपाटेही वाचतील." त्यांनी पत्र लिहिलं, एक्स-रेसकट पाकिटात घातलं. "हे तिच्या आईकडे पाठवा. दोन महिन्यांच्या आत व्हायला हवं. आणि तिला तुम्हीच नीट समजावून सांगा."

म्हणे हेलपाटे वाचतील! त्या गाठीबद्दल बोलत होत्या आणि मला ऐकू येत होतं की माझा शनिवार गेला.

जिन्यात मुंगीने विचारलं, "काय म्हणाल्या रे बाबा?"

"काही नाही. पडेल म्हणाल्या आपोआप. वाट बघू."

इतकं सोपं होतं ते. पोरीने मान डोलावली, घरी जाऊन आईला तेच सांगितलं असणार. पाकीट मी पान्यांच्या खणात, सगळ्यात खाली सरकवलं.

मी काही राक्षस नाही. मी माझ्या परीने विचार केला होता. शाफ्टमध्ये काही अडकलं की लिफ्ट जिथल्या तिथे थांबते. महिना थांबेल, वर्ष थांबेल, अडथळा काढला की पुन्हा चालू. तसाच सुळा थांबेल. परीक्षा होऊ दे, उन्हाळा सरू दे, मग पाकीट देऊ. बिघडतं काय? मी उंटावरचा शहाणा. पंचवीस वर्षं लिफ्टी दुरुस्त केल्या म्हणजे जगातलं सगळं अडकणं आपल्याला कळतं, असं वाटायचं मला.

पुढच्या खेपेला मुंगी चूळ भरत होती तेव्हा डॉक्टरबाईंनी हळूच विचारलं, "तारीख मिळाली का?"

"मिळाली, परीक्षेनंतरची," मी ठोकून दिलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण कामाच्या गडबडीत गप्प बसल्या.

असे चार शनिवार मी चोरले. चांगले गेले, खोटं कशाला बोलू? मुंगी माझ्या खोलीत येऊन नाक मुरडायची, "बाबा, तुझ्याकडची झुरळंसुद्धा कंटाळून निघून गेली असतील." मग चादरी झटकायची, मला खिडक्या पुसायला लावायची. तारांमुळे तिला कडक काही चावता यायचं नाही, तर बिस्किटं चहात बुडवायची आणि निम्मी तळाशी पाडायची. मी चमच्याने तो गाळ खायचो. ती गेली की कप दोन-दोन दिवस धुवावासा वाटायचा नाही. ज्याच्या घरात बोलणारं माणूस आहे, त्याला हे कळायचं नाही.

पाचव्या शनिवारी ती म्हणाली, "माझा पुढचा दात हलतोय." दुधाचा नव्हे, सुळ्याच्या शेजारचा, कायमचा. डॉक्टरबाईंनी बोट लावून पाहिलं आणि पुन्हा एक्स-रे काढला. ह्या वेळी त्यांनी मुंगीला बाहेर पाठवलं नाही.

"परीक्षा कधीच झाली असेल ना?" त्यांनी मला विचारलं. "मग ऑपरेशन का नाही झालं?"

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला.

सुळा थांबला नव्हता. सरळ वाट मिळेना म्हणून तो आत आडवा सरकला होता आणि शेजारच्या दाताचं निम्मं मूळ त्याने खाऊन टाकलं होतं. "पहिल्या एक्स-रेत हे मूळ धड होतं," बाई म्हणाल्या. "आता हा दात वाचेल की नाही, सांगता येत नाही. याच आठवड्यात ऑपरेशन करा. काय बाप आहात हो तुम्ही?"

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. माझा गोटा पोरीच्या कपाळी बसला.

खोलीवर जाऊन मी पाकीट काढून मुंगीच्या हातात दिलं. ते घेऊन आम्ही स्टँडवर आलो. बाकावर बसल्यावर तिने पत्र उघडून वाचलं, वरची तारीख वाचली.

"का रे बाबा?"

"तू यायची बंद झाली असतीस."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वेडा आहे. "आमच्या घरासमोरच तारांचे डॉक्टर आहेत. गेलो तेव्हापासून आई मागे लागलीये, तिथे जा, तिथे जा. मीच म्हटलं, मला जुन्याच बाईंकडे जायचंय. रडून रडून कबूल करून घेतलं तिच्याकडून."

दोन वर्षं मला वाटत होतं, पोर दातांसाठी येते.

"तिची एकच अट होती," मुंगी म्हणाली. "बाबाने नीट लक्ष द्यायला हवं. मी म्हटलं, देतो तो." मग तिने पत्राची घडी घातली. "मी आईला सांगते, ऑपरेशनला घाबरले म्हणून पत्र मीच लपवलं. ती मला ओरडेल, दोन दिवस अबोला धरेल. पण येऊ देईल."

बस लागली. तिने पिशवी खांद्याला लावली आणि चढली. मी 'नको' म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "खिडकीपाशी बस."

बस गेल्यावर मात्र मला तिथे उभं राहवेना. माझ्या पापाबद्दल तेरा वर्षांची पोर बोलणी खाणार, आणि मी घरी जाऊन रेडिओ लावणार? थू माझ्या जिनगानीवर. मी तिच्या आईला फोन लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा. पाकीट, खण, तारीख, सगळं सांगितलं. पोरीने काही लपवलेलं नाही, ती काही बोलली तर विश्वास ठेवू नकोस, असंही सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ऑपरेशनला येऊ नकोस. आणि आता तिलाही तिकडे पाठवणार नाही."

"नको पाठवूस," मी म्हणालो.

रात्री नऊ वाजता मुंगीचा फोन आला. ती हुंदके देत होती, तारांमुळे शब्द धड फुटत नव्हते.

"तू का सांगितलंस? मी घेतलं होतं ना माझ्यावर? आता मी कशी येऊ?"

मी म्हटलं, "मुंगे, ऐक..."

पण मागून तिच्या आईचा आवाज आला आणि फोन बंद झाला.