रबराने बांधलेलं विमान

"वैनी, एक सांगू का? या रबराला त्याल लागू दिऊ नका. फुगतं, बुळबुळीत हुतं, आन् ऐन येळंला सुटतं."

छगन सायकलवाल्याने हे मला भर दुपारी सांगितलं, जुन्या ट्यूबच्या बोटभर रुंद रिंगा कापता कापता. माझ्या कडेवर अडीच वर्षांची नीलांबरी होती, तिला ऊन लागत होतं, आणि मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली. रबराला तेल चालत नाही हे मला पंक्चर काढणाऱ्याने शिकवायचं? "माहीत आहे हो मला," म्हटलं, रिंगा पिशवीत टाकल्या आणि घरी आले. माहीत होतंच. माहीत असण्याचा उपयोग काय झाला, तेच लिहायला बसले आहे.

माझे यजमान सुमंत नगरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवतात. त्यांच्या जर्मनीतल्या चुलतभावाने जमिनीवरून विमान चालवायचा एक रेडिओचा संच पाठवला: हातात धरायची एक पेटी आणि विमानाच्या पोटात बसवायची दुसरी, लहान. त्या संचापायी ह्यांनी अडीच महिने खपून विमान बनवलं. पंख माझ्या उंचीएवढा, वजन अडीच किलो, नाकाशी धातूचं इंजिन. शिकाऊ विमान, म्हणजे नवशिक्याने पाडावं म्हणूनच केलेलं, असं हेच सांगत. नवशिकेही हेच. माझा प्रश्न एवढाच होता, की ते पडेल तेव्हा खाली कोण असेल? हा प्रश्न मी तीनदा विचारला. तिन्ही वेळा विमान का उडतं ते मला समजावण्यात आलं.

पंख विमानाला कायमचा जोडत नाहीत. विमानाच्या पाठीवर तो नुसता ठेवायचा. त्याच्या पुढे आणि मागे लाकडी खुंट्या असतात. पुढच्या खुंटीत रबर अडकवायचं, ताणून पंखावरून न्यायचं आणि मागच्या खुंटीत घालायचं. अशी दहा-बारा रबरं. विमान जमिनीवर आपटलं की पंख सरकून बाजूला होतो, मोडत नाही. युक्ती चांगली आहे, हे मी मान्य करते. युक्ती कुणाच्या हातात पडते, हा प्रश्न वेगळा.

कारण विमानासाठी ह्यांनी एक क्लब काढला होता, आणि त्या क्लबला एक अध्यक्ष होते. क्लबात माणसं पाच, विमान एक, पण अध्यक्ष हवेतच. काकासाहेब मोठे बागाईतदार, आवाज त्याहून मोठा. पंख बांधलेला पाहून आमच्या ओसरीवर त्यांनी मांडीवर थाप मारली.

"प्रोफेसर, ही काय पोराची चड्डी हाय का, इलाष्टिक घालायला? दोन बोल्ट आवळा. माझ्या ट्रॅक्टरचं चाक आजवर निघालं न्हाई."

"बोल्टने पंख मोडेल, काकासाहेब. रबर सुटतं म्हणून तर वाचतो."

"सुटतं म्हनूनच तर म्हनतो मी!"

यावर दोन विद्वान तीन रविवार भांडले. तेवढ्यात संचाबरोबर आलेली परदेशी रबरं संपली आणि सायकलच्या ट्यूबवर तडजोड झाली. काकासाहेबांना ती स्वदेशी म्हणून पटली, ह्यांना ती रबर म्हणून पटली. खाली कोण असेल, याचा तडजोडीत उल्लेख नव्हता.

मग खंडेनवमी आली. दुष्काळाचं वर्ष सरून पाऊसपाणी बरं झालं होतं, म्हणून दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या मैदानावर विमान उडवायचं असं काकासाहेबांनी गावभर सांगून ठेवलेलं. घरोघरी हत्यारं पुजली जात होती. आमच्या पाटावर विमान पूजेला बसलं, पंखासकट, झेंडूची माळ घालून. शेजारी काकासाहेबांची बंदूक. काकासाहेबांनी तिळाच्या तेलात कापूस बुडवला, बंदुकीला लावला, इंजिनाला लावला, चाकांना लावला, आणि मग एकेका रबरावरून मायेने फिरवला.

"कोरडं पडलंय बिचारं. हत्याराला त्याल न्हाई लावलं तर पूजा कसली?"

फिजिक्सचे प्राध्यापक हसले. मी नीलांबरीचं नाक पुसत होते. छगनचे शब्द मला आठवले, अगदी जसेच्या तसे आठवले. वाटलं, पूजेच्या वेळी कशाला. आणि वाटलं, पुरुषांचा खेळ आहे, यांचं हे बघतील. मी पुढे झाले आणि त्या रबरांवर हळदकुंकू वाहिलं. पुजलेलं हत्यार सीमोल्लंघनापर्यंत जागचं हलवायचं नाही, म्हणून ती रबरं रात्रभर आणि दसऱ्याची दुपार उलटेपर्यंत ताणलेलीच, तेल पीत राहिली.

मैदानावर ही गर्दी. मी काळजी करणारी बाई, म्हणून पोरीला घेऊन सगळ्यांच्या मागे, पार कडेला गेले. तिथे एक म्हातारी आपट्याच्या फांद्यांचा ढीग घेऊन बसली होती. बायडाबाई नाव. सोनईच्या पुढच्या एका वस्तीवरून पहाटेच्या यष्टीने आलेली. दुष्काळात दीड वर्ष खडी फोडली म्हणाली, तळहात दाखवला. नीलांबरीला तिने एक डहाळी दिली. "घी गं सोनं, माजे बाय."

विमान उडालं. खोटं कशाला बोलू, छान उडालं. दोन फेऱ्या झाल्यावर काकासाहेब ओरडले, "प्रोफेसर, आता एक कोलांटी हू द्या!" आणि ह्यांनी, जे सरळ उडवायलाही नुकतेच शिकले होते, कोलांटी घेतली.

पंख निघाला. तो एकटाच, डुलत डुलत, गर्दीवरून तरंगत खाली येऊ लागला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हाही खेळातलाच भाग. उरलेलं विमान इंजिनासकट पहारीसारखं आलं, मी निवडलेल्या सुरक्षित जागी.

मी पोरीला उचलून दहा पावलं पळाले. त्यानंतर मागे वळून पाहिलं. हे इथे लिहिते, कारण दुसऱ्यांना नावं ठेवताना स्वतःला वगळणं मला आवडत नाही.

ते बायडाबाईच्या उजव्या खांद्यावर आदळलं होतं. ती फांद्यांवर आडवी झाली होती. पुरुष धावत आले, आणि आधी इंजिनाकडे गेले.

"वाचलं! इंजिन वाचलं!"

"हात लावू नका, त्यात रेडिओ हाय!" काकासाहेब गर्दीवर खेकसले. मग त्यांना म्हातारी दिसली. "आजीबाई, इमान उडतंय तिथं बसायचं असतं का?"

"म्या सकाळधरनं हितंच हाय," ती दात आवळून म्हणाली. "तुमचंच इमान मागनं आलं."

लोक हसले. काकासाहेबही हसले. नीलांबरीच्या दुपट्याची झोळी करून मी म्हातारीचा हात गळ्यात बांधला. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणाली, संध्याकाळची यष्टी चुकल, सून वाट बघत आसल. ह्यांना म्हटलं, जीपने सोडा. जीप काकासाहेबांची होती आणि तीत विमानाचे तुकडे ठेवले होते. ती चालत स्टँडवर गेली. तिच्या फांद्या लोकांनी तशाच उचलून नेल्या, सोनं म्हणून एकमेकांना वाटायला.

घरी जेवणं होईपर्यंत चर्चा एकच: बोल्ट की रबर. काकासाहेब जिंकले. आता नव्या विमानाला बोल्ट आहेत. तेलाचं मी तेव्हा सांगितलं, तर हे म्हणाले, "मग आधी का नाही बोललीस?" आणि या एका प्रश्नापुढे मला तोंड नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक आहे.

सोनईच्या ग्रामपंचायतीला मी दोन कार्डं टाकली. उत्तर नाही. "मुका मार असतो, शेकलं की बरा होतो," असं हे सांगतात. तिचा खांदा बघून आल्यासारखं सांगतात. यंदाच्या दसऱ्याला मी त्या कडेला जाऊन उभी राहिले. तिथे दुसरीच बाई पानं विकत होती.

तुमच्यापैकी कुणी सोनईच्या बाजाराला जात असेल, तर पुढच्या वस्त्यांवर बायडाबाईची चौकशी करा. उंच, काटक, साठीची, नाकात मोरणी. नुसतं कसं काय म्हणून विचारू नका, ती बरं हाय म्हणेल. उजवा हात डोक्यापर्यंत न्यायला सांगा, आणि जातो का ते नीट बघा.